तळपायाची आग, मुंग्या आणि बधिर पाय: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर्ड, शुगर १४ वर्षांपासून आणि पायांचं हे दुखणं साधारण ६ वर्षं. नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या, जुन्या शाळेतल्या सगळ्यांचे फोन येतात, "काय गं, तुझ्या पायाचं काय केलंस, आता मलाही सुरू झालंय." प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढलं. औषधांची नावं येतील, ती डॉक्टरांना विचारण्यासाठी आहेत, चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाण्यासाठी नाहीत.

नेमकं होतं काय? मला आग होते, जाऊबाईंना मुंग्या येतात, एकच आजार का?

बहुतेक वेळा हो. शुगरने नसा खराब होतात त्याला न्यूरोपॅथी म्हणतात आणि ती प्रत्येकाला वेगळी जाणवते. कुणाला तळपायाची आग, कुणाला मुंग्या, कुणाला सुया टोचल्यासारखं, मध्येच करंट मारल्यासारखी सणक, कुणाला गादीवरून चालल्यासारखं वाटतं किंवा पायात मोजा नसताना मोजा आहे असं वाटत राहतं. सुरुवात बोटांच्या टोकापासून होते, दोन्ही पायांना साधारण सारखी, आणि मग मोज्यासारखी वर चढते. याचं कारण म्हणजे कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस शरीरात सगळ्यात लांब, त्यामुळे पोषणाची मारामार झाली की शेवटचं टोक आधी वाळतं. नळाच्या लाइनीतल्या शेवटच्या घरासारखं, पाणी कमी आलं की पहिली बोंब तिथूनच.

रात्रीच का एवढं छळतं?

दिवसभर कामात मन गुंतलेलं असतं म्हणून कळत नाही, आडवं झालं की मेंदूला तेवढंच ऐकू येतं. शिवाय पांघरुणाची ऊब, चादरीचा स्पर्श. मला तर पहिल्या वर्षी साधी सुती चादर पायावर नको वाटायची, कुणी सँडपेपर घासतंय असं व्हायचं, पण थंडीत उघडे पाय ठेवून झोपवेना. शेवटी मुलाने पायाशी पुठ्ठ्याचं खोकं उभं केलं, त्याच्यावरून पांघरूण टाकायचे, पाय आत मोकळे. हसू नका, त्या खोक्याने मला झोप दिली.

माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग मला का?

तीन-चार गोष्टी असू शकतात. एक म्हणजे आज कंट्रोलमध्ये आहे, आधीची १० वर्षं होती का? नसा जुना हिशोब लक्षात ठेवतात. दुसरं, शुगर सोडून बाकी कारणंही आहेत: बी१२ कमी, थायरॉइड, किडनी, दारू, केमोची काही औषधं, टीबीच्या कोर्समधलं आयसोनियाझिड (त्याच्याबरोबर बी६ ची गोळी म्हणूनच देतात, ती टाळू नका). आणि आपल्याकडे अजून एक, ज्याचं नाव काढलं की लोक गप्प होतात: कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर लाजत बसू नका, सरकारी दवाखान्यात त्याचा पूर्ण कोर्स फुकट मिळतो आणि तो आजार बरा होतो.

तिसरी गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. शुगर खूप वाढलेली असताना ती अगदी झपाट्याने खाली आणली, म्हणजे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) तीन महिन्यांत २ पॉइंटपेक्षा जास्त उतरलं, तर काहींना उलट आगच भडकते. माझ्या भावाला असंच झालं, ११ वरून ७ वर आला आणि पाय पेटले, तो म्हणे यापेक्षा जास्त शुगर परवडली. असं वाटून औषध सोडू नका, हे दुखणं हळूहळू, बरेच महिने घेऊन का होईना, बहुतेकांचं ओसरतं, भावाचंही ओसरलं.

पण हे नसेचंच दुखणं कशावरून? टाचही दुखते, कंबरही दुखते.

टाच सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना ठणकते आणि चार पावलं चालल्यावर सैल होते, तर ते बहुतेक टाचेखालच्या पट्ट्याचं दुखणं, नसेचं नाही. एकाच पायात कंबरेपासून, कुल्ल्यातून, मांडीच्या मागून खाली सणक येते ते मणक्याकडचं, सायटिका. चवड्याखाली तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये खडा आल्यासारखं वाटतं आणि बूट काढला की बरं वाटतं, तिथे बोटांमधली नस दाबली जाऊन जाड झालेली असू शकते, टोकदार चपला सोडल्या तरी निम्मं काम होतं. घोट्याच्या आतल्या बाजूला हाडामागे टिचकी मारली की तळव्यात मुंग्या जातात, तर नस तिथे आवळली जातेय.

आणि चालताना पोटरी भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, परत चाललं की परत, हे रक्तपुरवठ्याचं लक्षण. हे अजिबात अंगावर काढायचं नाही, तंबाखू-सिगारेटवाल्यांनी तर मुळीच नाही. शुगरवाल्यांना नस आणि रक्तवाहिनी दोन्हीचं एकत्र असू शकतं, म्हणून मी मी म्हणणाऱ्यांनीही घरबसल्या निदान करू नये.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं, काय काय टेस्ट?

आधी तुमचे नेहमीचे शुगरचे डॉक्टर. खरी तपासणी स्वस्त असते बरं का. नायलॉनचा एक जाडसर धागा असतो, १० ग्रॅमचा म्हणतात, तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात, डोळे मिटून तुम्ही सांगायचं कळलं की नाही. एक कंप देणारा चिमटा असतो, १२८ हर्ट्झचा, तो अंगठ्याच्या हाडावर धरतात. बऱ्याच ठिकाणी बायोथेसिओमीटर नावाचं मशीन असतं, कंप किती व्होल्टला कळतो ते बघतात, २५ व्होल्टच्या वर गेलं की पायाला जखम होण्याचा धोका जास्त. माझं डाव्या पायाचं २८ आलं होतं, मला वाटलं होतं दोन्ही पाय ठणठणीत.

नर्व्ह कंडक्शन टेस्टला लोक फार घाबरतात किंवा फार मानतात. ती जाड नसांचा वेग मोजते. आग होणं हे बारीक नसांचं काम, त्यामुळे ती टेस्ट नॉर्मल येऊनही तुमची आग खरी असू शकते. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" असं मलाही एकदा ऐकवलं गेलंय, तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

रक्ताच्या तपासण्या: एचबीए१सी, बी१२, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी). बाकीच्या डॉक्टर गरजेप्रमाणे सांगतील.

बी१२ ची इंजेक्शनं घेऊ का? सगळे घेतात.

कमी असेल तर जरूर. आपल्यातले बरेच शाकाहारी, वर शुगरची गोळी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, आणि मेटफॉर्मिनमुळे बी१२ नीट शोषलं जात नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. नुसत्या बी१२ च्या कमतरतेनेही पाय बधिर होतात, तोल जातो आणि दोष मात्र शुगरवर जातो. बहुतेक लॅबमध्ये २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० च्या मधलं संशयाचं, तिथे लक्षणं बघून डॉक्टर ठरवतात. एकच लक्षात ठेवा, तपासणी आधी, इंजेक्शन नंतर. आधी टोचून घेतलं की आकडा फुगतो आणि मग मूळ पातळी कळत नाही.

बी१२ मुळात कमी नसेल तर दहा इंजेक्शनांनी आग विझत नाही. आणि "नसांची ताकदीची" म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बी६ असतं, ते जास्त डोसमध्ये बरेच महिने घेतलं तर स्वतःच नसा बिघडवतं! ताकदीच्या दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू असतील तर पाकिटामागचं वाचून बेरीज करा.

साध्या पेनकिलरने का थांबत नाही?

कारण त्या गोळ्या सूज आणि जखमेच्या दुखण्यासाठी असतात. इथे जखम नाहीये, वायरच शॉर्ट झालीय, काही नसताना बेल वाजतेय. मी सुरुवातीला आठ महिने मेडिकलमधून कॉम्बिनेशनच्या गोळ्या आणून खाल्ल्या, पायाला शून्य फरक आणि क्रिएटिनिन मात्र वर सरकलं. शुगरवाल्यांची किडनी आधीच ताणावर असते, तिला ही शिक्षा कशाला.

मग कुठली औषधं चालतात?

मुख्य तीन प्रकार. प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन हे एक घराणं, फिट्सची औषधं म्हणून आलेली. ड्युलोक्सेटिन हे दुसरं, आणि अमिट्रिप्टिलिन-नॉरट्रिप्टिलिन तिसरं, ही मुळात डिप्रेशनची. पाकिटातला कागद वाचून घाबरू नका, मला पण वाटलं होतं डॉक्टरांनी वेडात काढलं, पण नसांचे सिग्नल शांत करायला तीच लागतात.

त्यातलं भारी कुठलं? २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला, शुगरच्या पायदुखीच्या पेशंटना अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगाबालिन आळीपाळीने देऊन बघितलं. दुखणं कमी करण्यात तिन्ही जवळजवळ सारखीच निघाली, आणि एकाने पुरलं नाही तर दुसऱ्याची जोड दिल्यावर आणखी थोडा फरक पडला. म्हणजे निवड करायची ती तुमच्या बाकीच्या तब्येतीवरून. प्रोस्टेटचा त्रास, काचबिंदू, हृदयाची लय बिघडलेली असेल तर अमिट्रिप्टिलिन नको. लिव्हर खराब असेल तर ड्युलोक्सेटिन नको, आणि सुरुवातीला मळमळ होते म्हणून ते जेवणानंतर. प्रीगाबालिनला किडनी बघून डोस कमी करावा लागतो, वजन वाढतं, घोट्याला सूज येते, आणि तुम्ही शुगरची पायोग्लिटाझोन गोळी घेत असाल तर ही सूज आणखी वाढते, तर डॉक्टरांना तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, "पांढरी गोळी सकाळी" असं सांगून चालत नाही.

मिरचीतल्या कॅप्सेसिनचं क्रीम पण असतं. दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे न चुकता लावावं लागतं आणि पहिले दिवस आग वाढते. हात साबणाने धुवा, जखमेवर लावू नका, आणि लावून झाल्यावर डोळ्याला हात तर नाहीच नाही, मी लावलाय.

ट्रामाडॉलसारख्या जोरदार पेनकिलर गोळ्या सवय लावतात, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिनबरोबर तर जास्त जपून. शेजारणीने दिली म्हणून घ्यायची ती गोळी नव्हे.

किती दिवसांत बरं वाटतं? दिवसभर झोप येते हो.

प्रीगाबालिनचा फरक आठवडा-दोन आठवड्यांत कळतो, बाकीच्यांना महिनाभर तरी द्या. डोस कमीपासून हळूहळू वाढवतात. पहिल्या आठवड्यात मी चालताना भिंतीला हात लावून जायचे, पुढे कमी झालं. रात्री बाथरूमला उठताना आधी पलंगावर बसा, लाइट लावा, मगच उभे राहा, पडून खुबा मोडला तर पायाची आग राहील बाजूला. दारूबरोबर ही औषधं नकोत. आणि अचानक बंद करू नका, डॉक्टरांना विचारून उतरवत आणा.

दुखणं दहावरून शून्यावर येईल ही अपेक्षा सोडा. दहाचं पाच झालं, रात्रीची झोप लागली, म्हणजे औषध लागू पडलं असं धरतात. मी सध्या तीनवर आहे, पाऊस सुरू झाला की चार.

काशाच्या वाटीने तळपाय घासू का?

हा प्रश्न एक नंबरला ठेवायला हवा होता, एवढे फोन यासाठी येतात. आमच्या घरी आजी तूप लावून घासायची, फार छान वाटतं, झोप लागते, मी नाही म्हणणार नाही. पण तूप काळं होतं म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली, हे खरं नाही. काशात तांबं असतं, तूप-तेलाशी घासलं की ते काळं पडतं, पायाऐवजी दुसऱ्या कशावर घासलंत तरी तेच. त्याने नस सुधारत नाही. ज्याला स्पर्श नीट कळतो त्याने हलक्या हाताने घासावं. ज्याचा पाय बधिर झालाय त्याने मात्र वाटीही नको आणि प्रदर्शनातलं फिरतं मशीन तर नकोच, कातडी सोलली तरी कळणार नाही. तेल लावलेल्या पायाने फरशीवर घसरणाऱ्याही बऱ्याच आहेत आपल्यात.

टोचऱ्या दाण्यांच्या ॲक्युप्रेशरच्या सपाता: बधिर पायाला बंदी.

गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवले तर?

नको. हे एक ऐकाच माझं. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. मी थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले, सकाळी अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड, दुखलं काहीच नाही, भरायला सात आठवडे गेले. आंघोळीचं पाणीसुद्धा पायाने नाही, कोपराने बघायचं. शेकोटी, हीटर, बाइकचा सायलेन्सर, सगळ्यांपासून लांब.

देवळात अनवाणी जावंच लागतं, नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत आहे, काय करू?

व्रताचं तुमचं तुम्ही ठरवा, मी सोडलं. देवीला दुसरं काहीतरी बोलले. देवळात मी मोजे घालून जाते, कुणी काही बोलत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी दगडी फरशीवर जातच नाही, सकाळी सातला जाऊन येते. बधिर पाय तापल्या फरशीवर अर्धी प्रदक्षिणा आरामात करतो, संध्याकाळी फोड दिसतात. वारीला जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथे ओले मोजे आणि घासून येणारे फोड. सुक्या मोज्यांचे जोड जास्त घ्या, मुक्कामाला पोचलं की हातपाय धुण्याआधी तळवे बघा, आणि फोड आला असेल तर पुढचा टप्पा गाडीने, विठोबा रागावत नाही.

घरातही चप्पल घालायची, हो, स्वयंपाकघरात पण, वेगळा धुतलेला जोड ठेवा.

कसली चप्पल?

एमसीआर नावाचं मऊ रबर असतं, त्याची, मागे पट्टा असलेली. अंगठ्यात अडकवायची नको, बधिर पायातून ती निघून जाते आणि आपण तसेच पुढे चालत राहतो. या चपलेचा इतिहास सांगण्यासारखा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करायचे. तोवर सगळ्यांचा समज की बोटं रोगाने झडतात. त्यांच्या लक्षात आलं की रोग फक्त दुखणं घालवतो, बोटं जातात ती न कळलेल्या चटक्यांनी, खिळ्यांनी, रुतणाऱ्या चपलेने. काहींची बोटं तर रात्री उंदीर कुरतडायचे आणि माणूस जागाच व्हायचा नाही, मग पेशंटना मांजरं द्यायला सुरुवात केली. तिथल्या कामातून मऊ रबराच्या चपला पुढे आल्या आणि तेच रबर आज शुगरवाल्यांच्या पायात आहे. दिसायला चप्पल काही खास नाही, भाची म्हणते आजीबाई ब्रँड. असू दे.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. घालण्याआधी उलटा करून आपटा, आत हात फिरवा. माझ्या बुटात एकदा नातवाच्या खेळण्याचा स्क्रू निघाला.

रोज पाय बघायचे म्हणजे काय बघायचं?

रात्री झोपताना दोन मिनिटं. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्या कुणाला तरी सांगा. लाली, फोड, चीर, पाणी, वास, नखाच्या कडेला नखुरडं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावसाळ्यात चिखल्या तिथूनच सुरू होतात. भेगांना कोकमाचं तेल उत्तम, आमच्या कोकणातल्या वहिनी वडी पाठवतात, पण बेचकीत तेल-क्रीम काही नको. मोजे पांढरे किंवा फिके, म्हणजे रक्ताचा डाग दिसतो.

भोवरी ब्लेडने कापायची नाही. मेडिकलमध्ये मिळणारी भोवरीची पट्टी पण नाही, त्यात ॲसिड असतं, भोवरीबरोबर चांगली कातडीही जाळतं.

आता आग थांबली, गोळ्याही बंद केल्या. बरं झालं ना?

झालंही असेल. पण आग थांबली आणि सोबत पाय जास्त बधिर झाला असेल तर नस बरी झालेली नाही, ती मेलीय. माझ्या काकांचं हेच झालं, "आता काही त्रास नाही" असं दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते, मग चवड्यातली जखम हाडापर्यंत गेलेली सापडली, दोन बोटं काढावी लागली. दुखणं थांबलं की धाग्याची टेस्ट परत करून घ्या, ती सांगेल खरं काय ते.

पाय अचानक लाल, गरम, सुजला, पण दुखत नाही.

त्याच दिवशी डॉक्टर. पाय टेकवू नका. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडून ढासळतात, त्याला शार्को फूट म्हणतात, आणि न दुखल्यामुळे लोक त्याच पायावर महिनाभर चालतात, तळवा होडीसारखा बाहेर येतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मलही येतो, तेव्हा "मुरगळला असेल" यावर समाधान मानू नका.

चालायला जाऊ का?

जखम नसेल तर जा. शुगरही उतरते, झोपही लागते. तोलाचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, मी ओट्याला धरून एका पायावर उभी राहते, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत. कार चालवत असाल आणि ब्रेकवर पाय आहे की क्लचवर ते बघितल्याशिवाय कळत नसेल तर चावी मुलांकडे द्या.

नस परत बरी होते का?

बी१२ चं, थायरॉइडचं, दारूचं कारण लवकर सापडलं तर बरीच सुधारते, पण वेळ लागतो, नस वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि अंगठा कंबरेपासून किती लांब आहे बघा. शुगरचं असेल तर आहे तिथे थांबवणं हेच मोठं काम.

लगेच कधी पळायचं?

जखम काळी पडली, वास यायला लागला, ताप आला. पाऊल अचानक लुळं पडून फरफटायला लागलं. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला. किंवा पायातला अशक्तपणा काही दिवसांत भराभर वर चढतोय, जिना चढवत नाही, मग हात, तर ते आपलं जुनं शुगरचं दुखणं नाही, ते गियाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) असू शकतं, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला ज्याची साथ आली होती तेच. यात रात्र काढायची नाही.

जोडवी काढावी लागतील का?

हे हळू आवाजात विचारतात सगळ्याजणी. सूज असेल, रुतत असतील, खाली वळ पडत असेल तर हो. माझ्या डाव्या पायातली सोनाराकडे जाऊन कापूनच काढावी लागली, खाली कातडी पांढरी पडून ओलसर झाली होती आणि मला पत्ता नाही. नवीन ढिली करून आणलीयत, सणाच्या दिवशी तासभर घालते, परत डबीत.